हळदीची साक्ष

वसमतकडे हळदीचा हंगाम सुरू झाला की पिवळ्या रंगापासून सुटका नसते. फेब्रुवारीच्या आसपास कंद निघायला लागतात. ते वाफेवर शिजवायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे, फिरत्या ढोलात घालून चकाकी आणायची आणि पोती भरून हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटला न्यायची. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. कौतुक हळदीच्या वाट्याला गेलं, धुणं धुणारीच्या वाट्याला डाग आले. पण त्या डागाचं वागणं बघत बसावं असं असतं. पिवळ्या डागावर साबणाची वडी फिरवली की तो क्षणात लाल होतो. वर लिंबू पिळलं की पुन्हा मुकाट पिवळा.

हा चमत्कार हळदीतल्या कर्क्युमिनचा. फोगेल आणि पेल्टिए या दोघांनी १८१५ साली ते हळदीतून वेगळं काढलं. त्याच्या रेणूची रचना नेमकी कशी, हे कळायला मात्र १९१० उजाडलं. अल्कली, म्हणजे चवीला कडवट आणि हाताला बुळबुळीत लागणारा क्षार, जवळ आला की कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन सुटतो. मग तो रेणू प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो आणि आपल्या डोळ्याला लाल दिसतो. आम्ल आलं की हायड्रोजन परत मिळतो, पिवळा रंगही परत येतो. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ हळदीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या बाळगत आणि क्षार ओळखायला वापरत. आपल्या फोडणीच्या डब्यातली वस्तू युरोपातल्या प्रयोगशाळांत साक्षीदार म्हणून उभी होती!

आपणही ती साक्ष काढू शकतो. घरच्या घरी सफाईची द्रावणं करायची हौस सध्या पुष्कळांना आहे. लिंबू, सोडा, व्हिनेगर, रिठा, राख असं सगळं एका यादीत येतं आणि सगळ्यांना ‘नैसर्गिक’ हे एकच लेबल लागतं. खरं तर त्यांची कामं परस्परांपासून अगदी वेगळी आहेत, आणि ते हळदीइतक्या सोप्या रीतीनं दुसरं कोणी सांगत नाही. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवायची. पाणी चालत नाही, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. (नुसत्या पाण्यानं डाग का जात नाही, याचंही उत्तर इथंच मिळालं. ऊन मात्र या रेणूला मोडतं, म्हणून हळदीचा कपडा धुऊन कडक उन्हात टाकायचा.) त्या पिवळ्या स्पिरिटमध्ये कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या की झालं काम.

पहिली पट्टी राखेच्या पाण्यात घाला. पऱ्हाट्या किंवा तुराट्या जाळून उरलेली राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवली आणि वरचं नितळ पाणी घेतलं, तर पट्टी लालभडक होते. कापसाच्या, तुरीच्या मुळांनी हंगामभर काळ्या मातीतून पोटॅशियम ओढून घेतलेलं असतं. झाड जळतं, धूर उडून जातो, पण पोटॅशियम कार्बोनेट राखेत मागे राहतं. तुपाच्या पातेल्याला हे पाणी गरम करून लावलं की तुपातला थोडा भाग तिथल्या तिथे साबण होतो आणि उरलेला चिकटा घेऊन सुटतो. आजी राखेनं भांडी घासायची तेव्हा ती खरकट्यातल्या तेलापासूनच ओंजळभर साबण तयार करत होती. धुण्याच्या सोड्यानंही पट्टी अशीच लाल होते, खाण्याच्या सोड्यानं किंचित तांबूस. अ‍ॅल्युमिनियमची भांडी मात्र असल्या पाण्यात भिजत ठेवू नयेत, काळी पडतात. हातालाही ते पाणी झोंबतं, कारण कातडीवरही तेल असतं आणि क्षार त्यालाही सोडत नाही.

चिंचेच्या कोळात पट्टी पिवळीच राहते. म्हणून आधी सोड्यानं लाल केलेली पट्टी त्यात घाला, ती लगेच पिवळी होईल. चिंचेत टार्टारिक आम्ल आहे, लिंबात सायट्रिक. तांब्या-पितळेवरचा काळपट थर हा धातूचा ऑक्साइड असतो. तेलाशी त्याचा संबंध नाही, म्हणून साबणानं तो हलत नाही. आम्लात मात्र विरघळतो. चिमूटभर मीठ टाकलं की काम वेगानं होतं. बोअरच्या पाण्यानं नळावर धरलेली पांढरी खपली हाही आम्लाचाच विषय. लिंबाची फोड घासली की बारीक बुडबुडे येतात: खपलीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण शहाबादी फरशीवर हा प्रयोग करू नका. ती फरशी चुनखडीचीच आहे. ज्या आम्लानं खपली जाते त्यानंच फरशीचा गुळगुळीतपणाही जातो, आणि मराठवाड्यातल्या किती जुन्या घरांत ही फरशी आहे हे सांगायला नको.

आता खरी नवलाची गोष्ट. रिठ्याची टरफलं रात्रभर भिजवून सकाळी उकळा, कुसकरा, गाळा. भरपूर फेस येतो. साबणासारखा फेस, तेव्हा पट्टी लाल व्हायला हवी ना? होत नाही. रिठ्याचं पाणी किंचित आम्लाकडेच झुकलेलं असतं. क्षार नाही, तरी फेस आहे. ही करामत सॅपोनिनची. या रेणूचं एक अंग साखरेचं, ते पाण्यात रमतं. दुसरं अंग तेलाशी जमवून घेतं. मधल्या मध्ये मळ कापडावरून उचलला जातो. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत, क्षारानं ती खराब होतात. पैठणी रिठ्यात धुवायची, हा घराघरातला दंडक किती शास्त्रीय होता हे पिवळी राहिलेली पट्टी दाखवून देते. शिवाय साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधला जाऊन चिकट साका होतो, बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरतो. सॅपोनिनचा तसा साका होत नाही. जिथं बोअरच्या पाण्यात डाळ शिजायला कुरकुरते, तिथं हा गुण लहान नाही.

रिठा बाजारातून आणावा लागतो, पण मराठवाड्याच्या माळावर हिंगणबेटाचं काटेरी झाड उभं असतं. त्याच्या फळाच्या गरातही सॅपोनिन आहे आणि लोक त्यानं कपडे धूत आले आहेत. झाडानं हे रसायन आपल्या धुण्यासाठी थोडंच केलं? किडे, बुरशी यांना दूर ठेवायला केलं. हिंगणबेटाच्या फळानं पाण्यातल्या गोगलगायी मरतात, सॅपोनिननं मासेही मरतात. तेव्हा रिठ्याचं पाणी नैसर्गिक असलं तरी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नये. डोळ्यांतही जाऊ देऊ नये, विलक्षण झोंबतं. दोन-चार दिवसांत ते आंबतं, त्यामुळे लागेल तेवढंच करावं.

एवढं कळलं की एक लोकप्रिय कृती डोळ्यांसमोर उघडी पडते. सोड्यावर व्हिनेगर ओता, फसफसेल, आणि सगळं साफ होईल, असं सांगतात. फसफसतं खरं. पण फसफस थांबल्यावर त्यात पट्टी घाला: सोडा आणि व्हिनेगर बेताबेतानं पडले असतील तर ती धड लाल होत नाही. आम्लानं क्षाराला आणि क्षारानं आम्लाला संपवलं, मागे राहिलं सोडियम अ‍ॅसिटेट नावाच्या मिठाचं पाणी. तुंबलेल्या मोरीत बुडबुड्यांचा धक्का थोडा उपयोगी पडत असेल. बाटलीत भरून ठेवलेलं हे मिश्रण मात्र शुद्ध फसवणूक आहे. सोडा आधी, आम्ल नंतर, मध्ये स्वच्छ पाणी, हा क्रम ठेवला तर दोघांचंही काम होतं.

‘बायोएन्झाइम’ म्हणून जे केलं जातं त्यात एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली आणि दहा भाग पाणी घालून तीन महिने ठेवतात. थायलंडमधल्या रोसुकॉन पूमपन्वाँग यांच्यामुळे ही कृती जगभर पसरली. नाव भारदस्त असलं तरी आत घडतं ते ओळखीचं: किण्व गुळाचा मद्यार्क करतात, जिवाणू मद्यार्काचं आम्ल करतात, सालीतलं सुगंधी तेल थोडं उतरतं. म्हणजे हे मुख्यतः सालींचा वास लागलेलं सिरका-पाणी. नळाला, काचेला छान. तुपकट कढईला कुचकामी. सुरुवातीचा महिनाभर झाकण रोज सैल करून वायू जाऊ द्यायचा, काचेची बाटली टाळायची. आणि ही बाटली असो, लिंबू असो की व्हिनेगर, ब्लीचिंग पावडरच्या बादलीत त्यातला थेंबही पडू द्यायचा नाही. आम्लानं तिच्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.