ऊस पिवळा पडला? आधी पान बघा, मग पोते फोडा



ऊस पिवळा दिसला की आपला हात पहिला युरियाच्या पोत्याकडे जातो. नत्र कमी असेल तर ठीक; नाहीतर पैसे गेले आणि दुखणं जागच्या जागी. म्हणून आधी बघावे, पिवळं पान खालचं की वरचं?

नत्र व पालाश जुन्या पानांतून नव्या पानांकडे सरकतात. त्यामुळे त्यांची उपासमार खालच्या पानांवर आधी दिसते. नत्र कमी असल्यास सबंध पान फिकटते. पालाश कमी असल्यास शेंडा व कडा करपतात, मधल्या शिरेवर तांबूस झाक येते.

लोहाचे तसे नाही. पोंग्याजवळची कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या, पुढे पान पांढरेफटक, हा आपला केवडा. चुनखडीच्या रानात, त्यातही खोडव्यात, तो हमखास. जमिनीत लोह असते, पण मुळांना मिळत नाही. डहाणू तालुक्यात गंजाडकडच्या भातखाचरांत पाणी उभे राहते, त्यात लोह विरघळून भाताला मिळते. ते बघून कुणी चुनखडीच्या उसात पाणी तुंबवू नये. तिथे केवडा उलट वाढतो. हेक्टरी 25 किलो हिराकस शेणखतात मुरवून द्यावे. उभ्या पिकावर 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम हिराकस घालून संध्याकाळी फवारावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

खरी फसगत पुढेच आहे. रानात ओल आहे, खत दिले आहे, तरी ऊस मलूल आणि पिवळा. असे दिसले तर बुडाशी वाकून टारफुला शोधावा. हे वीतभर तण उसाच्या मुळाला चिकटून त्याचाच रस पिते. जमिनीबाहेर डोके काढण्याआधीच निम्मे नुकसान केलेले असते, म्हणूनच आपण त्याला खताची कमतरता समजतो. एका झाडाचे धुळीसारखे हजारो बी पडते आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. तेव्हा फुलावर येण्याआधीच उपटावे. बी धरलेले असेल तर बांधावर न टाकता जाळावे. ते बी पाटाच्या पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या रानात जाते. ज्वारी, मका त्या रानात घेऊ नये, टारफुला त्यांच्यावरही वाढतो. भुईमुगाने त्याचे बी उगवते, पण आसरा न मिळाल्याने मरते. फेरपालटीला तो बरा.

लव्हाळ्याचा तिकोनी दांडा बोटांत फिरवला की ओळखू येतो. नांगराने त्याच्या गाठी फक्त पसरतात. त्या वेचूनच काढाव्यात.

शंका असल्यास वरचे एक व खालचे एक पान, बुडातल्या तणासह, गट ऑफिसात आणावे.