एक मांडणी, अनेक चाली

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात आणि प्रत्येक संधीपूर्वी खेळ थांबत असल्याने पुढची चाल बहुधा मैदानाबाहेर उभा असलेला प्रशिक्षकच ठरवतो. म्हणूनच प्रशिक्षक बदलला की या खेळात आक्रमणाची सगळी घडणच पालटू शकते. लॉस एंजेलिस रॅम्स हा संघ २०१६च्या हंगामात सोळा सामन्यांत २२४ गुण मिळवून गुणसंख्येत बत्तीस संघांत तळाला होता. जानेवारी २०१७ मध्ये त्याची सूत्रे अवघ्या ३० वर्षांच्या शॉन मॅकव्हे यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी ४७८ गुणांसह तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. अँड्र्यू व्हिटवर्थसारखा आक्रमणाच्या पुढच्या फळीतला मुरलेला खेळाडू आणि काही नवे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, आल्याचा लाभ झाला हे खरे. परंतु चाली चालवणारा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि चेंडू घेऊन धावणारा टॉड गर्ली हे दोघेही आदल्या वर्षीचेच होते.

मॅकव्हे यांनी चालींची संख्या वाढवण्यापेक्षा त्या एकमेकींसारख्या दिसतील याकडे लक्ष दिले. तीन रिसीव्हर, एक टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू, आणि एक धावपटू अशी तीच मांडणी रॅम्स बहुतेक वेळा करत आणि रिसीव्हरही कडेला पांगण्याऐवजी मध्याजवळ उभे राहत, त्यामुळे आता धाव येणार की पास, याचा सुगावा प्रतिस्पर्ध्यांना लागत नसे. पुढच्या फळीतील पाचही जण एकाच बाजूला आडवे सरकत आणि गर्ली त्यांच्यामागून फट शोधत धावे. ही चाल अंगवळणी पडल्यावर नेमकी तीच हालचाल करून गॉफ चेंडू गर्लीच्या हाती देण्याचा केवळ आविर्भाव करी, त्याला रोखायला बचावाची मधली फळी दोन पावले पुढे येई आणि तिच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेत पास जाई. दोन पावलांचा हा भुलावाच या पद्धतीचा प्राण होता.

प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधील रेडिओवर पोहोचतो, परंतु चाल सुरू करण्याच्या मुदतीचे पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. रॅम्सचे खेळाडू लवकर जागा घेत, त्यामुळे समोरच्या बचावाची रचना पाहून गॉफला सूचना देण्यास मॅकव्हे यांना अवधी मिळे. यात खेळाडूचे कर्तृत्व उणे होते असे मानणे अन्यायाचे ठरेल, कारण पहिल्या वर्षी खेळलेले सातही सामने हरलेल्या तरुणाला अशा आधाराची नितांत गरज होती.

तथापि दडवलेले एकदा उमगले की त्यावर उपायही निघतो. २०१८च्या हंगामात ५२७ गुण मिळवणाऱ्या रॅम्ससमोर फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी अग्रभागी सहा खेळाडू उभे करून कडेने धावण्याची वाटच अडवली. धावेचा धाक उरला नाही तेव्हा पासचा भुलावाही फिका पडला आणि रॅम्स ३ विरुद्ध १३ असे हरले.