विश्लेषण : एक होडी, चार गळ… ‘ट्रोलिंग’मध्ये दोऱ्यांचा गुंता कसा टाळतात?

पाऊस सरून समुद्राचे पाणी निवळले की कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सुरमईसाठी गळ टाकणाऱ्यांची लगबग सुरू होते. चालत्या होडीमागे आमिष ओढत नेण्याच्या पद्धतीला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. चार रॉड लावले की मासे चौपट मिळतील, असा अनेक नवख्या हौशींचा समज असतो. प्रत्यक्षात एका चुकीच्या वळणाने सगळ्या दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि त्यातली एखादी पंख्यात गुंतली तर भर समुद्रात होडी बंद पडू शकते. त्यामुळे रॉड किती यापेक्षा ते कसे मांडले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

ट्रोलिंग आणि ट्रॉलर एकच का?

नाही. ट्रॉलर तळाशी किंवा पाण्याच्या मधल्या थरात मोठे जाळे ओढतो आणि त्यात लहान-मोठे सगळेच मासे सापडतात. ट्रोलिंगमध्ये मात्र प्रत्येक दोरीला एक आमिष असते. पळणाऱ्या माशाचा पाठलाग करणारे सुरमई, कुपा यांसारखे शिकारी मासे त्यावर झडप घालतात.

जिग कशी बांधतात?

जिग म्हणजे शिशाचे डोके असलेला गळ. त्याला केस, पिसे किंवा रबरी झालर लावलेली असते. काही जण त्यावर बांगड्याची किंवा तारलीची लांबट फोडही लावतात. सुरमईचे दात कात्रीसारखे असतात, नायलॉनची दोरी ती सहज तोडते. म्हणून जिगच्या पुढे हातभर लांबीची बारीक तार जोडतात. तार आणि मुख्य दोरी यांच्यामध्ये ‘स्विव्हल’ ही फिरती कडी असते. ती नसेल तर आमिष गरगरते आणि दोरीला पीळ बसतो.

सुरमई अनेकदा आमिषाची शेपूट तोडून नेते आणि पुढचा गळ रिकामाच राहतो. त्यावर उपाय म्हणून मागच्या बाजूला तारेने दुसरा गळ जोडतात. तो फोडीच्या अंगाला सरळ चिकटून असावा. वाकडा बसला तर आमिष पोहत नाही, फिरत राहते. दोरी सोडण्यापूर्वी जिग होडीच्या कडेला पाण्यात धरून ती सरळ चालते का, हे आधी पाहतात.

होडीचा वेग किती ठेवावा?

जिग स्वतःहून खोल जात नाही. तिची खोली वजन, सोडलेली दोरी आणि वेग यांवर ठरते. वेग वाढला की ती वर येते. त्यामुळे जिग किंवा फोडीसाठी साधारण २ ते ३ नॉट, म्हणजे ताशी चार ते साडेपाच किलोमीटर वेग ठेवतात. समोर पट्टी असलेली, स्वतः बुडी मारणारी कृत्रिम आमिषे ५ ते ६ नॉटलाही चालतात. हळू चालणारे आणि वेगात चालणारे आमिष एकाच वेळी लावले, तर दोहोंपैकी एक वाया जाते.

चार रॉड कसे मांडतात?

नियम सोपा आहे. जवळचे आमिष जड आणि खोल, लांबचे हलके आणि वरच्या थरात. उदाहरणार्थ, मागच्या दोन कोपऱ्यांतल्या रॉडची आमिषे १५ आणि २० मीटरवर, तर बाजूला आडव्या लावलेल्या दोन रॉडची ३० आणि ४० मीटरवर. कोणत्याही दोन दोऱ्यांची लांबी सारखी नसावी. दोऱ्या सोडताना आधी लांबच्या आणि मग जवळच्या, गोळा करताना याच्या उलट. रिळाचा ब्रेक, म्हणजे ‘ड्रॅग’, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच कसतात. १५ किलोच्या दोरीला चार-पाच किलो पुरतो.

वळताना गुंता का होतो?

होडी वळली की आतल्या बाजूच्या आमिषांचा वेग कमी होतो. ती खाली बुडतात, दोरी सैल पडते. बाहेरची आमिषे त्याच वेळी वेग घेऊन वर येतात आणि दोऱ्या एकमेकींवर पडतात. म्हणून वळण नेहमी मोठे आणि सावकाश घ्यावे लागते. सुकाणू धरणाऱ्याने फक्त समोर पाहून चालत नाही, मागच्या दोऱ्यांवरही लक्ष हवे.

मासा लागल्यावर काय करायचे?

इंजिन एकदम बंद करणे ही नेहमीची चूक. होडी थांबली की उरलेली आमिषे खाली बसतात आणि दोऱ्या पंख्याखाली येतात. वेग कमी करून होडी पुढे चालू ठेवतात. एक जण मासा सांभाळतो, दुसरा बाकीच्या दोऱ्या गोळा करतो. त्यातही माशाच्या वाटेत येणाऱ्या आधी. मासा कडेला आला की इंजिन न्यूट्रल करतात आणि तो पंख्यापासून दूरच्या बाजूने वर घेतात. ताणलेली दोरी किंवा तार हाताला कधीही गुंडाळू नये. माशाने अचानक ओढ घेतली तर बोट कापले जाते किंवा माणूस पाण्यात ओढला जातो. दोघेच असाल तर दोन रॉड पुरेत.

नियम काय सांगतात?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासे पकडता येत नाहीत. गळाचा इथे फायदा असा की लहान मासा लागलाच तर बऱ्याचदा जिवंत सोडता येतो. तुटलेली दोरी मात्र पाण्यात टाकू नये. तिच्यात कासवे अडकतात आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या होडीच्या पंख्यालाही तीच गुंडाळली जाते.