यात्रेचें सुख

सुखाची इच्छा मनुष्यमात्राला स्वाभाविक आहे; परंतु तें ईश्वराच्या वाटेनें मिळतें म्हणजे नेमकें काय होतें, ह्याचा विचार क्वचितच केला जातो. गोंदिया जिल्ह्यांत, मुंबई-कोलकाता महामार्गावरील देवरीच्या परिसरांत भरणाऱ्या यात्रा पाहिल्या म्हणजे ह्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो.

सालेकसा तालुक्यांतील कचारगड येथें माघी पौर्णिमेस गोंड समाजाची यात्रा भरते. मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथूनही भाविक येतात आणि डोंगर चढून तेथील विशाल नैसर्गिक गुहेंत जातात. ह्या गुहेंत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोनें मुक्त केलें व पुढें समाजाची गोत्रव्यवस्था लावून दिली, अशी परंपरा आहे. आपण आपल्या पूर्वजांचे व आप्तांचे आहोंत, ही जाणीव येथील सुखाचें मूळ होय.

अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील प्रतापगडावर निराळें दृश्य दिसतें. तेथें महादेवाचें स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नांवाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीस डोंगर गजबजून जातो. शिवभक्त उपवास करून आपला मीपणा महादेवाच्या पायीं वाहूं पाहतो; सूफी साधक ‘फना’, म्हणजे स्वतःचा लोप, ही साधनेची थोर पायरी मानतो.

एवढ्यावरून सर्व धर्म एकच गोष्ट सांगतात, असें म्हणून मोकळें होणें सोपें असलें तरी बरोबर नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या लक्षावधि अनुयायांनीं जो बुद्धधम्म स्वीकारला, त्यांत सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थानच नाहीं. तरीही त्यांत ‘मुदिता’ आहे. दुसऱ्याचें सुख पाहून आपण आनंदित होणें, हा तिचा अर्थ.

मतें अशीं भिन्न असतांही एक गोष्ट सर्वत्र आढळते. केवळ सुखच हवें म्हणून जो निघतो, त्याचें लक्ष स्वतःवरून हलत नाहीं, आणि आपल्याला काय उणें आहे हेंच तो मोजीत बसतो. जो पूर्वजांसाठीं, देवासाठीं किंवा दुसऱ्याच्या दुःखनिवारणासाठीं निघतो, त्याला त्या मोजणीचा विसर पडतो, आणि सुख त्याच्याकडे न बोलावितां येतें. हा विसर यात्रेहून परतल्यावर घरांत व शेजाऱ्याशीं वागतांना किती दिवस टिकतो, ह्यावरच त्या यात्रेची खरी परीक्षा होते.