तापी उलटी का वाहते?

२३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा होता. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. इतर विषयांच्या गुणांची सरासरी काढून मुलांना भूगोलाचे गुण मिळाले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण निकालानंतर पेढे घेऊन आलेले आमच्या गल्लीतले एक पालक जे बोलून गेले, ते अजून कानात आहे. ‘बरं झालं सर, भूगोलच होता. गणित, सायन्स आधीच आटोपलं होतं.’ आधी जळगावात आणि मग धुळ्यात मिळून तीस वर्षे भूगोल-इतिहास शिकवलेल्या माणसाने यावर काय बोलावे? पेढा तोंडात होता म्हणून निभावले.

‘भूगोलच’ मधला हा ‘च’ घराघरांत आहे. इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस, भूगोलाचे चाळीस, वीस अंतर्गत. पाठ करा, लिहा, विसरा. आपल्या जिल्ह्याची ओळख मुलाला तिसरीत एकदा होते. पुढे पुस्तक महाराष्ट्र, देश, खंड असे लांब लांब जात राहते. दहावीच्या पुस्तकात २०१८ पासून भारत आणि ब्राझील यांची तुलना आली. कल्पना मला आवडली, कारण तुलनेशिवाय भूगोल कळत नाही. पण ॲमेझॉनच्या खोऱ्याबद्दल घडाघडा बोलणाऱ्या मुलाला, घराजवळची पांझरा पुढे कोणत्या नदीला मिळते, हे विचारून पाहा. तो तुमच्याकडे पाहत राहील.

आठवीच्या वर्गात एकदा महाराष्ट्राच्या नद्या शिकवत होतो. गोदावरी पूर्वेला, भीमा पूर्वेला, कृष्णा पूर्वेला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, आपली तापी उलटी काबर वाहस?’ वर्ग हसला. हसला तो प्रश्नाला नव्हे, अहिराणीला. वर्गात अहिराणी बोलायची नाही, असा त्या काळी बहुतेक शाळांचा अलिखित दंडक होता. माझ्या मते त्या तासाला विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच होता. मी दोन बाके समोरासमोर लावली. एक सातपुडा, दुसरे सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. दोन्हींवर सतरंजीची टोके दाबून मधला भाग खाली लोंबू दिला आणि पश्चिमेकडचे टोक थोडे आणखी उतरवले. मग गोटी सोडली. भूकवचाला भेगा पडून दोन उंचवट्यांमधला पट्टा खचतो, त्याला खचदरी म्हणतात. तापी आणि पलीकडची नर्मदा अशा खचलेल्या पट्ट्यांतून पश्चिमेला जातात. मध्य प्रदेशात मुलताईला निघालेली तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ समुद्राला मिळते. गोटी दाराबाहेर गेली, तेव्हा ती मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आपलं पाणी सुरतले जास!’

ते वाक्य मला ऑगस्ट २००६ मध्ये फार निराळ्या प्रकारे ऐकावे लागले. तेव्हा मी धुळ्यात होतो. खानदेशातली कितीतरी घरे सुरतेच्या मागावर चालतात. लिंबायत, उधना ही नावे आमच्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा जवळची. त्या आठवड्यात तापीच्या पुराने सुरत बुडाली. नववीतला एक मुलगा दोन दिवस जेवला नव्हता; वडील आणि काका दोघे तिकडे, फोन लागत नव्हता. त्याने तासाला उभे राहून विचारले, ‘सर, आपल्याकडून गेलेलं पाणी तिथं कधी पोचतं?’ आम्ही भिंतीवरचा नकाशा खाली उतरवून जमिनीवर पसरला. पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते. वर भुसावळकडे हतनूर, खाली गुजरातेत उकाई. दोऱ्याने अंतर मोजले. पण तासांचा हिशेब त्याला देता येण्यासारखा नव्हता, कारण मध्ये धरण आहे. पाऊस किती पडेल ते आभाळ ठरवते. दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे ते माणसे ठरवतात. मुलांनी लगेच विचारले, ‘कोणती माणसे? त्यांना कोण विचारतं?’ नागरिकशास्त्राचा इतका खरा तास मी पुन्हा घेतला नाही. चौथ्या दिवशी वडिलांचा फोन आला. एका इमारतीच्या गच्चीवर सगळे सुखरूप होते.

पाणी हा आमच्याकडे भूगोलाचा एक धडा नव्हे, सगळे पुस्तकच आहे. जळगावच्या शाळांची सहल अजिंठ्याला जाते. मुले लेणी मोजतात, चिप्स खातात, परत येतात. ज्या घोड्याच्या नालासारख्या दरीत ती लेणी आहेत, ती वाघूर नदीने कोरली. तीच वाघूर उतरून येते, तिच्यावर धरण आहे आणि त्याचे पाणी जळगाव शहराच्या नळाला येते. हे सांगितल्यावर सहावीची मुले रेलिंगला लटकून नदी पाहू लागली होती. मार्गदर्शकाला वाटले, कुणी तरी पडले!

धुळ्याला आल्यावर मला खरा खजिना सापडला, तो फड पद्धतीचा. निदान तीन शतकांची ही व्यवस्था. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर गावांनी ठिकठिकाणी दगडी बंधारे घातले, त्यांतून पाट काढले. पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी पिके फडाफडांत फिरवायची. शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे; म्हणजे टंचाई एकट्याच्या वाट्याला न येता सगळ्यांत वाटली जाते. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मेहनताना धान्यात.

हे फळ्यावर सांगून कळत नाही. आम्ही शाळेच्या मैदानावर फक्कीने पाट आखला आणि चाळीस मुलांना जमिनी वाटल्या. पाणी म्हणून एक बादली. पहिल्या खेळात नियम काहीच नव्हते. पाटाच्या तोंडाशी बसलेल्या चौघांनी तीन मिनिटांत बादली संपवली. शेपटाकडची मुले ओरडू लागली. तोंडाशी होता तो बागायतदाराचा मुलगा. शांतपणे म्हणाला, ‘माझं शेत आधी आलं, त्याला मी काय करू?’ मी काहीच बोललो नाही. जागा बदलल्या आणि त्याला शेपटाला बसवले. अर्ध्या तासात मुलांनी स्वतःच पाळ्या ठरवल्या, पाटकरी नेमला आणि त्याला पगार म्हणून भुईमुगाच्या शेंगाही ठरवल्या! त्यानंतर मी त्यांना सांगितले, की हे त्यांच्याच पणजोबांनी करून ठेवलेले आहे. विश्वेश्वरय्या नावाचे तरुण अभियंते १८८४ मध्ये नोकरीला लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच पांझरेवर, दातर्तीला पाणी पलीकडे नेणारी नळवाट बांधण्याचे होते. पंधरा सप्टेंबरला त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या किती शाळांत हे सांगितले जाते?

आज फड बऱ्याच ठिकाणी मोडले आहेत. वर धरणे झाली, शेतोशेत विहिरी आणि बोअर आले. ज्याचे पाणी त्याच्या पायाखाली, मग पाळी कशाला? यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातून आलेल्या मुलांना मी एक गृहपाठ देत असे. घरी विचारा : आजोबांच्या वेळी पाणी किती खोल होते आणि आता किती? आजोबांचे उत्तर परसांत येई, चार परस, पाच परस. वडिलांचे फुटांत, तेही शेकड्यांत. दोन्ही आकडे एका मापात आणायला मुलांना गणिताच्या सरांकडे जावे लागे. ते सर माझ्यावर थोडे रागावत, पण मुले फळ्यावरच्या तक्त्याकडे पाहून गप्प होत. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, पाणी भराभर मुरवणारा पट्टा आहे, हे त्यानंतर सांगितले की कुणी डुलक्या घेत नसे.

इतिहासही असाच घरातून सुरू करता येतो. नंदुरबारकडच्या एका घरात आजोबांच्या दाखल्यावर जिल्हा ‘पश्चिम खानदेश’, वडिलांच्या ‘धुळे’ आणि नातवाच्या ‘नंदुरबार’. घर तेच, ओटाही तोच! १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, महाराष्ट्र झाल्यावर जळगाव-धुळे ही नावे रूढ झाली आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. फारुकी सुलतानांची खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. सीमा माणसे आखतात आणि पुन्हा आखतात, हे त्या तीन दाखल्यांवरून जेवढे कळते, तेवढे सनावळ्या घोकून कळत नाही.

आता पालकांसाठी एक काम. त्याला पुस्तक नको, शिकवणी नको. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका येतो. जळगाव-धुळ्याला तो २५ मेच्या आणि १८ जुलैच्या सुमारास येतो. जुलैत ढग असतात आणि मेमध्ये शाळेला सुटी, म्हणून आमच्या वर्गांनी हे कधी पाहिलेच नाही. सुटीत मैदानावर बोलावले, तर पाच-सहा पोरे येत. तेव्हा २५ मेला गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा. घड्याळात बारा वाजतील, पण सावली असेलच, कारण आपले घड्याळ अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताचे आहे. जळगावात बारा पंचवीसच्या सुमारास ती काठीच्या पायाशी नाहीशी होईल, धुळ्यात साधारण तीन मिनिटे उशिरा. ही तीन मिनिटे का, ते मुलांनाच शोधू द्या. धुळ्याला मावशी असेल तर तिला फोन लावून दोन्ही वेळा लिहून घ्या. अशाच सावल्यांवरून एराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचा परीघ काढला होता, तेही सांगा. आणि टोपी घालून जा. त्या दिवसांत आमच्या गच्चीवर अनवाणी उभे राहता येत नाही.