औषधाच्या खिडकीमागे

नाशिकहून गिरणारे मागे टाकून वाघेऱ्याचा घाट ओलांडला की हरसूल येतं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. गुजरातची हद्द जवळ, भोवती कोकणा, वारली आणि महादेव कोळ्यांचे पाडे, आणि भात, नागली, वरईची उताराची शेतं. मुसळधार पावसात आजारी माणसाला इथून नाशिकला हलवायचं म्हणजे जिवावरचं काम. त्यामुळे या मुलखाची भिस्त गावातल्या ग्रामीण रुग्णालयावर. अशा रुग्णालयांचा सरकारी साचा 30 खाटांचा असतो. तिथल्या डॉक्टरांबद्दल लोक बोलतात, सिस्टरांबद्दल बोलतात. औषधाच्या खिडकीबद्दल मात्र ‘रांग फार असते’ यापलीकडे कुणी बोलत नाही.

खिडकीमागे बसतो तो औषधनिर्माण अधिकारी. केसपेपर आत सरकतो, गोळ्यांची पाकिटं बाहेर येतात. बघणाऱ्याला वाटतं, हे वाटपाचं काम. खरं तर डॉक्टरांनी लिहिलेलं औषध रुग्णाच्या पोटात जाण्याआधी ते पारखणारी शिकलेली नजर तिथे शेवटची असते. साध्या पॅरासिटामॉलचं घ्या. लहान मुलांच्या सिरपमध्ये 5 मिलीत 125 मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच सिरपमध्ये 250. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एका मिलीतच 100 मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या सिरपच्या चौपट. ‘एक चमचा द्या’ एवढंच सांगून आईच्या हाती चुकीची बाटली गेली, तर तापाचं औषधच बाळाच्या यकृतावर उठू शकतं. म्हणून चांगला औषधनिर्माता चमच्याचं नाव काढत नाही. बाटलीसोबतच्या मापावरच्या रेषेवर बोट ठेवतो, ‘इथपर्यंत’ म्हणतो, आणि आईकडून एकदा भरून दाखवून घेतो. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढतो. यात अर्धं मिनिट जातं, आणि रांग तेवढ्यानेही कुरकुरते. माझं मत असं की औषध-सुरक्षेचा कुठलाही कार्यक्रम या अर्ध्या मिनिटाची सोय करत नसेल, तर तो कागदावरच राहणार.

वॉर्डातली जोखीम वेगळी. भातलावणीच्या दिवसांत साप चावलेला माणूस रात्री-अपरात्री येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस साधारण 10 कुप्यांनी सुरू करतात. मूल असलं तरी मात्रा कमी करत नाहीत, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. कुपीतली पूड 10 मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवायची. जोराने हलवली तर फेस होतो, म्हणून हलके फिरवायची. लसीची रिॲक्शन आली तर ॲड्रिनॅलिन तिथल्या तिथे हाताशी हवं. आता ते निर्जंतुक पाणी जिथून घ्यायचं त्याच खणात पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल ठेवलेले असतील, तर? तेही पाण्यासारखंच नितळ, आणि पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबवणारं. घाईत, अपुऱ्या उजेडात नजर फसतेच. त्यामुळे दोष सिस्टरला देण्यात अर्थ नाही. ते खणच वेगळे हवेत. तीव्र पोटॅशियम सरसकट वॉर्डात ठेवू नये, ते कुलपात, ठळक लेबल लावून ठेवावं, हा जगभरच्या रुग्णालयांनी जीव गमावून शिकलेला नियम आहे. तो पाळायला यंत्र लागत नाही. कपाट लावणारं माणूस लागतं.

औषधावरची नजर सुटली की काय होतं, याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उघडी पाडली. याच रसायनाने 1937 मध्ये अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते. आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या लेकरांना खोकल्याच्या औषधातून तेच मिळालं. त्यातली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती. इतक्या वर्षांनंतरही तेच विष बाटलीत सापडावं, याचा संताप यायलाच हवा.

खिडकीमागच्या माणसाला रसायन डोळ्यांनी दिसत नाही, हे खरं. पण कुठल्या बॅचची बाटली कुणाला गेली, हे त्याच्या नोंदीत असेल तर उरलेल्या बाटल्या त्याच दिवशी बाजूला काढता येतात. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत ई-औषधी ही संगणकप्रणाली आली ती साठा, बॅच आणि मुदत यांचा माग ठेवण्यासाठी. ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यायचं, हा भांडाराचा जुना नियम त्यामुळे तपासता येतो. मात्र साठा संगणकावर दिसला म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, असं नाही. औषध घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं, लघवी काळी झाली, तर ते कळवायची वाटही हवी. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. 2011 पासून गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. 1800-180-3024 या बिनपैशाच्या क्रमांकावर डॉक्टरच काय, रुग्णही कळवू शकतो.

हरसूलसारख्या ठिकाणी औषधावर लक्ष ठेवण्याचं हे काम आणखी अवघड होतं. शेतीची कामं आटोपली की इथली कुटुंबं नाशिकच्या द्राक्षबागांकडे मजुरीला जातात. रक्तदाबाच्या, क्षयाच्या, फिटच्या गोळ्या तेव्हाच तुटतात. फिटची गोळी एकाएकी बंद झाली तर झटके उलटून येतात. म्हणून खिडकीवर ‘बाहेरगावी जाणार का?’ हा प्रश्न विचारणं, पुढच्या दिवसांच्या गोळ्या बरोबर देणं आणि केसपेपरवर औषधांची नावं स्वच्छ लिहिणं हा उपचाराचाच भाग आहे. नाहीतर बागेजवळच्या दवाखान्यात तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळते आणि माणूस दोन्ही घेत बसतो.

1948 च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. जिथे अशी एकच जागा असते, तिथे तो माणूस रजेवर गेला, बदलून गेला किंवा साठा आणायला नाशिकला गेला की खिडकीवर दुसरं कुणीतरी बसतं. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आता फार्म डी ही औषधशास्त्रातली पदवी घेतलेले तरुण डॉक्टरांबरोबर राउंड घेतात, मात्रा तपासतात. तसा माणूस घाटापलीकडे कधी यायचा तेव्हा येवो. आधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्मात्याची दुसरी जागा मंजूर व्हावी, आणि ती भरलेलीही असावी.