शाप कर्णाचा आणि संगत आपली

होस्टेलवर निकाल लागला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "माझं नशीबच फुटकं" आणि "ग्रुपच वाईट मिळाला यार". पहिल्यात कर्म आलं, दुसऱ्यात संगत. मी पडलो कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे महाभारत उशिरा भेटलं, तेही 'मृत्युंजय'मधून. पुढे मूळ कथा वाचली, तेव्हा कर्ण जरा वेगळाच दिसला.

आपल्याकडे कर्म तीन प्रकारचं मानतात. संचित म्हणजे भात्यातले बाण, प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण आणि क्रियमाण म्हणजे आत्ता धनुष्याला लावलेला बाण. सुटलेला परत येत नाही, हातातला मात्र आपल्या ताब्यात असतो.

कर्णाला दोन शाप होते. ब्राह्मण असल्याचं खोटं सांगून तो परशुरामांकडे ब्रह्मास्त्र शिकला, म्हणून ते ऐन वेळी आठवणार नाही. चुकून एका ब्राह्मणाची गाय मारली, म्हणून युद्धात रथाचं चाक जमीन गिळेल. हे झालं प्रारब्ध. पण गंमत बघा, दोन्ही शाप खरे व्हायला रणांगण लागतं आणि तिथे त्याला नेलं दुर्योधनाच्या मैत्रीने. युद्धाआधी कृष्णाने त्याला जन्माचं रहस्य सांगून पांडवांकडे बोलावलं, तरी तो मित्राच्या मिठाला जागला. ते मोठेपणाचंच. पण त्याच वेळी तो हेही कबूल करतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना नाही नाही ते बोललो.

सतराव्या दिवशी चाक रुतलं, तेव्हा कर्णाने धर्माची आठवण करून दिली. कृष्णाने उत्तरात शापाचं नावही काढलं नाही. त्याने विचारलं, द्रौपदीला भर सभेत ओढून आणलं तेव्हा धर्म कुठे होता? म्हणजे हिशोब मागितला तो कर्णाने स्वतःच्या हाताने सोडलेल्या बाणाचा.

रूमवर चौघे मिळून एखाद्या ज्युनिअरला रडवतात आणि पाचवा मित्रांना बरं वाटावं म्हणून हसतो. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा अप्रत्यक्ष भाग घेणाऱ्यालाही धरतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तो असा!

मित्रांनो, यासाठी मैत्री तोडायलाच हवी असं नाही. "हे नको" एवढंच दुर्योधनाला सांगायला कर्णाइतकं जवळचं दुसरं होतं कोण?